बापाची वर्दी, मुलाचा गुन्हा

‘बंबई मेरी जान’ ही मालिका सप्टेंबर २०२३मध्ये ॲमेझॉन प्राईमवर आली. इस्माईल कादरी हा मुंबई पोलिसांतला इमानदार माणूस. त्याचाच मुलगा दारा पुढे शहराचा डॉन होतो. पात्रांची नावं बदललेली असली तरी गोष्ट कुणाची आहे, हे लपत नाही. एस. हुसैन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ (२०१२) या पुस्तकावर ती बेतलेली आहे. दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होते. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच कोकणी मुसलमानांपैकी.

के के मेनननं हा बाप जीव ओतून उभा केलाय. पण मालिकेला बाप नकोच आहे. इस्माईलची नोकरी जाते, घरात उपासमार येते, शेवटी ज्या हाजीच्या विरोधात तो उभा होता त्याच्याच दारात त्याला जावं लागतं. इमानदारीचं फळ काय, तर रिकामी ताटं. एकदा हे ठसवलं की दाराच्या हातातला पैसा आणि पिस्तूल आपोआप रुबाबदार दिसू लागतात. दहा भागांत बाप हळूहळू कोपऱ्यात जातो आणि कॅमेरा मुलाच्या मागे धावतो.

पोलिसाच्या घरात गुन्हेगार, हा विषय आपल्या सिनेमाला नवा नाही. १९७५च्या ‘दीवार’मध्ये इन्स्पेक्टर रवीचा सख्खा भाऊ स्मगलर आहे. १९८२च्या ‘शक्ति’त पोलीस अधिकारी असलेल्या बापाचा मुलगा टोळीत जातो. दोन्ही कथा सलीम-जावेद यांच्या. आपण त्या घरांसाठी रडलो. त्या घराची जात, धर्म, मोहल्ला कुणी काढला नाही. भाऊ गुन्हेगार असूनही रवीच्या देशप्रेमावर कुणी शंका घेतली नाही.

आता १९९९चा ‘सरफरोश’ आठवा. इन्स्पेक्टर सलीमच्या घरात कुणी गुन्हेगार नाही. तरीही तपासातून त्याला बाजूला केलं जातं आणि आपण मुसलमान असल्यामुळेच हे झालं, ही सल त्याला लागते. म्हणजे रवीला सख्ख्या भावाचाही हिशेब द्यावा लागत नाही आणि सलीमला मात्र अनोळखी माणसांचा द्यावा लागतो. माझं भांडण या दुहेरी मापाशी आहे. ‘बंबई मेरी जान’ ज्या एक्सेल कंपनीनं काढली, तिच्या मालकांपैकी एक फरहान अख्तर, म्हणजे ‘दीवार’ लिहिणाऱ्या जावेद साहेबांचे चिरंजीव. त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली तर काय चुकलं?

कुणी म्हणेल, दाऊद काय खोटा आहे? नाही. १९९३च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. त्याची वकिली करणारा आमच्यातला असला तरी त्याला आम्ही झिडकारलं पाहिजे. आणि इथं आपल्या मोहल्ल्यालाही दोन शब्द ऐकवावे लागतील. ‘भाईनं गरिबांना मदत केली’ हे पालुपद आपल्याच चहाच्या टपऱ्यांवर ऐकू येतं. पोरं मोबाईलवर दाराचे संवाद म्हणतात, इस्माईलचा एकही नाही. मालिकावाल्यांना ग्राहक आपणही पुरवतोच की.

हजरत नूह यांचा मुलगा नौकेत बसला नाही, बुडाला. म्हणून कुणी नूह यांची पैगंबरी नाकारत नाही. हजरत इब्राहिम यांच्या वडिलांनी मूर्तिपूजा सोडली नाही, त्याचा जाब मुलाला कुणी विचारत नाही. हे किस्से आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याचा गुन्हा त्याच्या माथी, एवढी साधी गोष्ट त्यात आहे. ती प्रेक्षकांनी शिकावी, पोलीस खात्यानंही, आणि शेजारच्या घरातला पोरगा तुरुंगात गेला की सगळ्या घराशी सोयरिक तोडणाऱ्या आपणही.

सच्चर समितीनं २००६मध्ये नोंदवलं की भारतीय पोलीस सेवेत मुसलमान जेमतेम चार टक्के आहेत. पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणाऱ्या पोराला पडद्यावर आपल्या नावाचा पोलीस दिसतो तो बहुधा दोनच रूपांत: डॉनचा हतबल बाप, नाहीतर निष्ठेची परीक्षा देणारा सलीम. नाईट ड्युटी करून घरी येणारा, सहरीला उठणारा, पोरांची फी भरायला ओव्हरटाईम मोजणारा साधा हवालदार कुठं आहे?

इस्माईल कादरीवर दहा भाग काढा. दारा त्यात एका भागापुरता आला तरी पुरे. आणि अशी मालिका आलीच, तर ती घरच्या पोरांना बसवून दाखवायची जबाबदारी आपली.