पर्यावरणाची वही आणि एक पत्र

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे कापली जाऊ लागली. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ते पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला पुढील वृक्षतोड थांबवली. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती, हेही खरे.

आम्हां मराठीच्या अध्यापकांचे लक्ष वेधून घेते ते हे पत्र. पदवीला पर्यावरण अभ्यास सक्तीचा. त्याचा प्रकल्प मात्र बहुधा मागील वर्षीच्या वहीवरून उतरवलेला. दुसरीकडे विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही धरणग्रस्तांची कादंबरी कथानक, पात्रे, भाषाशैली अशा तीन प्रश्नांत वर्गात आटोपली जाते. ती मुळशीच्या १९२१च्या सत्याग्रहाशेजारी ठेवून का वाचू नये? आणि मग विद्यार्थ्यांकडून आपल्याच तालुक्यातील विस्थापितांच्या प्रश्नावर एक पानी निवेदन का लिहून घेऊ नये? कोणाची किती जमीन गेली, आश्वासन कोणते होते, मागणी नेमकी कोणाकडे.

याने साहित्याचा प्रचार होईल, असा आक्षेप येईल. आम्हांला तो पटत नाही. तहसीलदारापुढच्या निवेदनात विशेषणे टिकत नाहीत. सर्वे नंबर, तारीख आणि क्रियापद एवढेच उरते. आमच्या किती उत्तरपत्रिकांत एवढे तरी सापडते?