सागरी सहल आणि घरातील सर्वांत लहान प्रवासी

एकेकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला आगबोटी जात असत. इच्छित बंदरी पोहोचणे एवढाच त्या प्रवासाचा हेतू असे. आजच्या क्रूझमध्ये जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण झाले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले आणि विमानाने परदेशी न जाताही अशी सहल शक्य झाली. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवरही भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने दिसतात. सामान एकदाच लावायचे, रोज हॉटेल बदलायचे नाही आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र राहायचे, ही सोय एकत्र कुटुंबाला भावणारीच आहे. मात्र मंडळींत दोन-अडीच वर्षांचे मूल असेल, तर नियोजनाचा आरंभ त्याच्यापासून व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याची आठवण बहुधा सर्वांत शेवटी होते.

प्रथम वयाचा नियम पाहावा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत. दीर्घ महासागरी प्रवासासाठी ही अट सामान्यतः एक वर्षाची असते. बालविभागात मूल ठेवून घेण्याचे वय बहुधा तीन वर्षे असते आणि लंगोट सुटलेला असावा, अशी अटही असते. लंगोट वापरणाऱ्या मुलांना पोहण्याच्या तलावात सहसा प्रवेश नसतो. माहितीपत्रकातील घसरगुंडी आणि कारंजी पाहून सहल ठरवणाऱ्या कुटुंबाने आपले मूल त्यांपैकी कशाचा लाभ घेऊ शकेल, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

दुसरा प्रश्न ऋतूचा आणि मुदतीचा. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. मेच्या उत्तरार्धातही हवामान बिघडू शकते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ अनेकांच्या स्मरणात असेल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुलनेने शांत असतो. मुदतीबाबत व्यापाऱ्याचाच जुना नियम उपयोगी पडतो : आधी नमुना पाहावा, मग माल उचलावा. लहान मुलासह पहिली सहल दोन-तीन रात्रींची असावी. मूल रमले, तर सात रात्रींचा विचार पुढच्या वर्षी करता येतो.

खोली निवडताना केवळ भाडे पाहू नये. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर डोलण्याची जाणीव कमी होते. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना अधिक होतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधी भेटून औषध आणि त्याचे प्रमाण लिहून घ्यावे. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे धोक्याचे आहे. गॅलरीची खोली घेतल्यास दाराची कडी मुलाच्या हाताला येते का, हे आत शिरताच पाहावे आणि गॅलरीतील खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर ठेवावे. पाळणा हवा असल्यास तो आरक्षणाच्या वेळीच मागून ठेवावा.

भोजनाविषयी जैन कुटुंबांना विशेष दक्षता घ्यावी लागते. भारतीय जहाजावर ‘जैन भोजन’ हे दोन शब्द पुरतात. परदेशी जहाजावर मात्र कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट असे वर्ज्य पदार्थ नावानिशी लिहून द्यावेत आणि होकार लेखी घ्यावा. घरातील ज्येष्ठ सूर्यास्तापूर्वी जेवत असतील, तर जेवणाची पहिली पंगत किती वाजता बसते, हे विचारणे अगत्याचे आहे. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर विषुववृत्तानजीकच्या सिंगापुरात तो वर्षभर सातच्या आसपास मावळतो. तेवढ्या एका तासाने आजोबांचे जेवण निर्वेध होऊ शकते. लवकरची पंगत मुलालाही सोयीची पडते. विजेची शेगडी, इस्त्री किंवा पाणी उकळण्याची किटली आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत; घरी शिजवलेले अन्नही सहसा अडवले जाते. उकळलेले पाणी आणि मुलासाठी मऊ भात यांची व्यवस्था म्हणूनच आधी ठरवावी. दुधाची पावडर आणि लंगोट घरूनच पुरेसे न्यावेत. जहाजावरील दुकानात ते मिळतीलच असे नाही.

खर्चाचा अंदाज करताना जाहिरातीतील आकडा म्हणजे संपूर्ण किंमत नव्हे, हे ध्यानी ठेवावे. तो आकडा बहुधा एका खोलीत दोघे, या हिशेबाने प्रत्येकी दिलेला असतो. बंदर शुल्क, कर, सेवकवर्गाची बक्षिसी, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांची बेरीज स्वतंत्र करावी. त्याच खोलीतील तिसऱ्या-चौथ्या व्यक्तीला अनेकदा सवलत मिळते, परंतु मुलाचे भाडे पूर्ण माफ असले, तरी बंदर शुल्क लागू शकते. जहाजावर रोख व्यवहार क्वचितच होतो. खोलीचे कार्ड दाखवले की खर्च खात्यावर चढतो आणि हिशेब शेवटच्या दिवशी समोर येतो. म्हणून तो रोज तपासावा. भर समुद्रात मोबाइल जहाजाच्या उपग्रह जाळ्याला जोडला गेल्यास मोठे बिल येते. निघताच तो विमान-स्थितीत ठेवावा. प्रवासाची तारीख जवळ येते, तसतशी आरक्षण रद्द केल्यास होणारी कपात वाढते. लहान मुलाला ऐन वेळी ताप येणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. तेव्हा विम्यात आजारपणामुळे झालेल्या रद्दबातलीची तरतूद आहे का आणि जहाजावरील वैद्यकीय खर्च मिळतो का, या दोन अटी सही करण्यापूर्वी वाचाव्यात.

कागदपत्रांतही मूल स्वतंत्र प्रवासी असते. लहान मुलाचा पासपोर्ट साधारणतः पाच वर्षांचा असतो. आईवडिलांचा चालू असताना त्याचा संपलेला असू शकतो. सिंगापूरहून निघून दुसऱ्या देशाच्या बंदराला लागून परत येणारे जहाज असेल, तर सिंगापुरात दोनदा प्रवेश होतो. व्हिसा त्याला चालणारा हवा. वडील दुकानाच्या कामात अडकले आणि मूल आजी-आजोबांसह निघाले, तर आईवडिलांचे संमतिपत्र जवळ असावे.

सुरक्षिततेची कवायत अनेकांना कंटाळवाणी वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. कवायतीच्या वेळी मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागावे, त्याला ते एकदा घालून पाहावे आणि आपले जमण्याचे ठिकाण पायी चालून पाहावे.

तथापि लहान मुलाला अधिक धोका रोजच्या गाफीलपणाचा असतो. अनेक जहाजांच्या तलावावर जीवरक्षक नसतो. आजीला वाटते मूल आईजवळ आहे, आईला वाटते काकांजवळ, आणि काका फोनवर भाव विचारत असतात. आठ मोठी माणसे भोवती असताना मूल एकटे पडू शकते, ते असे. पेढीवर हा घोळ कोणी होऊ देत नाही. गल्ल्यावर एका वेळी एकच माणूस बसतो आणि उठताना दुसऱ्याला सांगून, त्याला बसवून मगच उठतो. मुलाबाबतही हीच पद्धत ठेवावी. निघण्यापूर्वी दिवसाचे भाग पाडून प्रत्येक भागापुढे एकाच मोठ्या माणसाचे नाव लिहावे. ज्याची वेळ, त्याच्या हाती त्या वेळेपुरता फोन नसावा. मूल दुसऱ्याकडे देताना नाव घेऊन सांगावे आणि होकार ऐकूनच वळावे.

अशी वाटणी केल्याने आईलाही दोन तास समुद्राकडे निवांत पाहता येते. एरवी कुटुंबाच्या सहलीत तिची सुट्टी कोणी हिशेबात धरत नाही. पैसे वसूल व्हावेत म्हणून मुलाची दुपारची झोप मोडून त्याला प्रत्येक कार्यक्रमाला नेण्याचे कारण नाही. डेकवर आजोबांचे बोट धरून त्याने तासभर लाटा मोजल्या, तर त्याची सहल झाली असे समजावे.