विशेषनामाची किंमत

सातवीच्या वर्गात नामाचे प्रकार शिकवताना मी दोन्ही भाषा एकत्रच घेते. मराठीत सामान्यनाम आणि विशेषनाम, उर्दूत इस्म-ए-नकिरा आणि इस्म-ए-मारिफा. नदी हे सामान्यनाम, पंचगंगा हे विशेषनाम. एवढं मुलांना चटकन कळतं. पण विशेषनाम पुसून त्या जागी सामान्यनाम लिहिलं तर नेमकं काय बिघडतं, हे समजावताना माझीच दमछाक व्हायची. आता त्यासाठी प्राडाचं उदाहरण हाताशी आहे.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलान शहरात पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. मॉडेलच्या पायांत अंगठ्याची, चपट्या तळाची, वेणी घातलेली चामड्याची चप्पल होती. आपल्याकडच्या शाळकरी मुलानेही ती ओळखली असती. कंपनीच्या माहितीत मात्र 'चामड्याच्या सँडल' एवढंच होतं. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारतही नाही. मग ओरड झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं आणि कंपनीने मान्य केलं की ही प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची आहे.

काही जण म्हणाले, एका शब्दासाठी एवढा गहजब कशाला? त्यांनी प्राडा मोठी कशी झाली ते पाहावं. त्या कंपनीची सगळी कमाई एका शब्दावरच उभी आहे.

1913 साली मारियो प्राडा आणि त्यांच्या भावाने मिलानमध्ये चामड्याच्या सामानाचं दुकान काढलं. जागा निवडली ती गॅलेरिया व्हित्तोरिओ इमान्युएले या काचेच्या छताच्या जुन्या बाजारपेठेत, शहराच्या मोठ्या चर्चशेजारी. श्रीमंत प्रवाशांच्या पेट्या, बॅगा, चैनीच्या वस्तू तिथे मिळायच्या. 1919 मध्ये इटलीच्या राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार म्हणून त्यांना मान मिळाला आणि राजघराण्याचं चिन्ह दुकानाच्या नावाशेजारी लावायची मुभा मिळाली. पुढे इटलीतली राजेशाही गेली, पण ते चिन्ह प्राडाने सोडलं नाही. तिच्या त्रिकोणी पट्टीवर मिलान हे गावाचं नाव असतं, अनेकदा 1913 हे सालही असतं. नाव, गाव आणि साल, तिन्ही जपलेलं.

बायकांनी धंद्यात पडू नये असं मारियोंचं मत होतं. मुलाला दुकानात रस नव्हता, म्हणून शेवटी मुलगी लुईसा हिने ते चालवलं. तिच्यानंतर, 1970 च्या दशकात, नात मिउचा आली. राज्यशास्त्रात डॉक्टरेट केलेली, मूकाभिनय शिकलेली, कम्युनिस्ट पक्षात वावरलेली ही बाई. तिने आणि पात्रित्सिओ बेर्तेल्ली या चर्मवस्तूंच्या व्यावसायिकाने, जो पुढे तिचा नवरा झाला, आजोबांच्या दुकानाची जागतिक कंपनी केली.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. 1984 च्या सुमारास मिउचाने पाठीवरची काळी बॅग बाजारात आणली. ती चामड्याची नव्हती, लष्करी सामानासाठी वापरायच्या जातीच्या नायलॉनची होती. नायलॉन म्हणजे काही सोनं नव्हे. पण त्यावर प्राडाचा छोटा त्रिकोण लागला आणि हळूहळू जगभरच्या पैसेवाल्या बायका ती मिरवू लागल्या. 1988 मध्ये बायकांचे तयार कपडे आले, 1993 मध्ये मिउ मिउ हा दुसरा ब्रँड. 2001 मध्ये न्यूयॉर्कचं दुकान रेम कूलहास या नामांकित वास्तुरचनाकाराकडून करून घेतलं, 2003 मध्ये टोकियोत काचेची इमारत उभी राहिली. लोक खरेदी न करताही ही दुकानं बघायला जातात. 2011 मध्ये कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली आणि 2025 मध्ये तिने व्हर्साचेही विकत घ्यायचा करार केला, सव्वाशे कोटी युरोंना.

मालापेक्षा नाव महाग असतं, हे प्राडाने जगाला शिकवलं. मग त्याच घराने दुसऱ्याचं नाव गाळलं तर ती नजरचूक म्हणून सोडून देता येत नाही. नावाची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

इथवर माझं म्हणणं बहुतेकांना पटेल. पुढचं कदाचित पटणार नाही.

कोल्हापुरी हेसुद्धा पुरतं विशेषनाम नाही. त्याच्या आत आणखी नावं आहेत. कापशी, पायटण, बक्कलनाळी असे प्रकार आहेत; कापशी तर कागल तालुक्यातल्या गावाचंच नाव. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. म्हणजे जिच्यासाठी आपण 'मराठी अस्मिता' म्हणून भांडलो, तिच्यात अर्धा वाटा कन्नड मुलखाचा आहे. भांडताना हे किती जणांनी म्हटलं?

आणि हात कुणाचे? जनावराचं कातडं खाटकाकडून, कुरेशी व्यापाऱ्याकडून येतं. ते चुन्यात भिजवून, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावण्याचं काम परंपरेने ढोर समाजाचं. चप्पल शिवतो चांभार. वेणीचं आणि नक्षीचं बारीक काम बऱ्याचदा घरातल्या बाया करतात. शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला हे आपण अभिमानाने सांगतो, पण ज्यांना आश्रय दिला त्यांच्या जातीचं नाव घेताना आपला आवाज खाली जातो. प्राडाने कोल्हापूर गाळलं. आपण ढोर, चांभार आणि कुरेशी गाळतो.

2015 मध्ये राज्यात गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर कातडं मिळत नाही, मिळालं तर महाग मिळतं, बाहेरच्या राज्यांतून आणावं लागतं, अशी तक्रार चप्पल कारागीर करत आले. ती कुणी अस्मितेचा प्रश्न केली नाही. कातड्याची गाडी अडवली जाते तेव्हा गाडीवाला संशयित असतो, आणि त्याच कातड्याची चप्पल झाली की ती आपला वारसा असते. बकरी ईदला आमच्याकडे कुर्बानीचं कातडं मदरशाला देतात. ते बकऱ्याचं, कोल्हापुरीच्या तळाला त्याचा उपयोग नाही. पण त्याचा भाव पडत पडत कुठे आला ते पाहिलं, की या साखळीत पहिल्या हाताला काय मिळतं याचा अंदाज येतो.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, सुमारे 800 युरोंना, म्हणजे ऐंशी हजारांहून जास्त रुपयांना विकायचे, शिवाय कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं, असं जाहीर झालं. मी याचं स्वागत करते. ओरड वाया गेली नाही. पण दोन हजार जोडांनी आठ जिल्ह्यांचं पोट भरत नाही. आपण या कराराकडे दोन गोष्टींसाठी डोळे लावून बसायला हवं. ऐंशी हजारांतले किती वेणी घालणाऱ्या बाईच्या हातावर पडतात, आणि जोडावर तिचं, निदान तिच्या गावाचं नाव येतं का. मारियो प्राडाचं नाव शंभर वर्षांनंतरही बॅगेवर राहू शकतं, तर हेही अशक्य नाही.

आणि हिशेब फक्त प्राडाकडून मागून चालणार नाही. मी वर्षानुवर्षं एकाच दुकानातून कोल्हापुरी घेते. दुकानदाराचं नाव मला माहीत आहे, त्याच्या मुलीच्या दहावीचे गुणही माहीत आहेत. दरवेळी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करते आणि जिंकल्याच्या आनंदात घरी येते. ती चप्पल कोणत्या गावात, कुणी शिवली, हे मी एकदाही विचारलेलं नाही. वर्गात विशेषनाम शिकवणाऱ्या बाईच्या पायात इतकी वर्षं सामान्यनामच होतं. पुढच्या वेळी आधी नाव विचारीन, मग किंमत.