गोंडोल्यात आई

"व्हेनिसला? आणि आईबरोबर?"

बँकेत माझ्या रजेच्या अर्जावर उमटलेला हा पहिला शेरा. शेजारच्या काउंटरवरचा सहकारी तर असा बघत राहिला, जसा काही मी सोन्यासारखी मुदत ठेव मुदतीआधीच मोडायला निघालो होतो!

या मंडळींशी माझं भांडण आहे. आपल्याकडे प्रवासाची एक वाटणी ठरून गेली आहे. बायकोला व्हेनिस, आईला काशी. साठी उलटली की माणसाला देवाशिवाय काही पाहावंसंच वाटत नाही, असं आपण परस्पर ठरवून मोकळे होतो. काशीबद्दल तक्रार नाही हो. पण आईला कुणी विचारलंय का?

मी विचारलं. ती म्हणाली, "ते पाण्यातलं गाव बघायचं होतं रे. तू सातवीत असताना तुझ्या कुठल्याशा पुस्तकात चित्र होतं." म्हणजे पस्तीस वर्षं बाईंनी ही इच्छा बिनव्याजी सांभाळली होती! सौ. म्हणाली, "आधी आईंना नेऊन आणा. माझे गुडघे अजून पंधरा वर्षं चालतील."

तर 2024 च्या ऑक्टोबरात आम्ही मायलेक एका सहलीबरोबर व्हेनिसला पोचलो. बाकी सगळी नवपरिणीत जोडपी. गोंडोल्यात फार तर पाच माणसं बसतात. सहलीच्या व्यवस्थापकाने बोटं मोडून हिशेब केला, "दोन जोडपी आणि तुम्ही, झाले पाच. आजी काठावर बसतील. नाही तरी त्यांना यात काय इंटरेस्ट?"

वीस वर्षांच्या नोकरीत मी गिऱ्हाइकावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक मी होतो. चढवला! आणि आम्हा दोघांसाठी वेगळा गोंडोला केला. ठरलेला दर, दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. रुपयांत आठ हजारांच्या वर. आईला हा आकडा सांगितला नाही. संध्याकाळी सातनंतर 110 पडतात, म्हणजे आपले 20 वाचले, एवढंच सांगितलं. ती खूश!

आता मूळ मुद्दा. हे गाव फक्त प्रेमिकांचं, हे ठरवलं कुणी? ज्या 'उसाशांच्या पुला'खाली जोडपी चुंबनं घेतात, तो 1600 च्या सुमाराचा पूल राजवाड्यातून तुरुंगात कैदी न्यायला बांधलेला आहे. उसासे विरहाचे नव्हेत, शिक्षेचे! मुळात हे गाव वाण्या-व्यापाऱ्यांचं आणि हिशेबनिसांचं. इथल्या व्यापाऱ्यांची जमा-नावेची दुहेरी पद्धत लुका पाचोलीने आपल्या पुस्तकात समजावून सांगितली आणि ते पुस्तक 1494 साली इथेच छापलं गेलं. रिआल्तोला 1587 साली सार्वजनिक बँक निघाली. म्हणजे आम्हा बी. कॉम. झालेल्यांची काशीच की ही!

आणि आईला काय मिळालं म्हणता? इथे चौकाचौकात जुन्या विहिरी आहेत. चौकाखालच्या वाळूतून पावसाचं पाणी गाळून साठवायचे. आता त्या झाकलेल्या आहेत. चाळीत पहाटे चारला नळावर हंडे लावलेली बाई त्या दगडी कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "चोहीकडे खारं पाणी, आणि यांनी गोडं साठवलं. इथल्या बाया हुशार असणार." बरोबरची जोडपी त्या वेळी विहिरीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती.

गोंडोल्यात बसल्यावर तिने नावाड्याकडे बघून विचारलं, "हा एकाच बाजूने वल्हवतोय, मग नाव गोल कशी फिरत नाही?" मी वाचून गेलो होतो. म्हटलं, "ती मुद्दाम वाकडी बांधतात. डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटीमीटर रुंद असते. म्हणून एका वल्ह्यावर सरळ जाते."

आई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्या घरासारखंच."

मी आठवीत असताना वडील गेले. पुढे घर एकाच वल्ह्यावर चाललं, आणि सरळ चाललं. दुहेरी पद्धतीचा पहिला नियम असा, की प्रत्येक नावेला तेवढीच जमा दिसली पाहिजे. माझी पदवी आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. तिच्या फीसाठी मोडलेल्या चार बांगड्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. 90 युरोंनी ते खातं जुळत नाही, हे मला कळतं. पण निदान उघडलं तरी!

कुणी म्हणेल, तिथे चारशेच्या वर पूल, त्यांना पायऱ्या, म्हाताऱ्या माणसाने जायचं कसं? मग काशीच्या घाटांना काय सरकते जिने आहेत? व्हेनिसच्या कालव्यातून बशीसारखी सार्वजनिक बोट चालते. 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. आई दोनदा बसली आणि दोन्ही वेळा खिडकी पटकावली.

तेव्हा मंडळी, बायकोला व्हेनिसला न्याच. मीही नेणार आहे, गुडघ्यांची मुदत संपायच्या आत. पण आईच्या वतीने उत्तर देण्याआधी तिला एकदा विचारा. तिला काशीच हवी असेल तर काशी. मात्र उत्तर तिचं असू द्या.

परत आल्यावर शेजारणींनी आईला विचारलं, "कसं आहे हो ते रोमँटिक गाव?"

"गाव छान आहे," आई म्हणाली, "पण भिंतींना ओल फार."