मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज



आमच्या जुन्नरच्या घरात दहा बाय नऊ फुटांची एक खोली आहे. शाळेतून आल्यावर आमचे ऑफिस तेच. एक टेबल, लॅपटॉप, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आणि अब्बांची खुर्ची. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, तेव्हापासून संध्याकाळी तासभर आम्ही ऑनलाइन उर्दू शिकवतो. मुले मराठी माध्यमातली. कुणी मंचरचे, कुणी पुण्याचे, दोघे दुबईचे. अब्बा उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. धडा आम्ही घ्यायचा, पण तलफ्फुज तपासायचा तो त्यांनीच. एखाद्याने शीनचा सीन केला की खुर्चीतून लगेच यायचे, "फिर से पढ़ो, बेटा."

गेल्या हिवाळ्यात एका मुलीने 'जलील' हा शब्द 'ज़लील' असा वाचला. जलील म्हणजे थोर आणि ज़लील म्हणजे अपमानित. एका नुक्त्याने माणूस कुठल्या कुठे जातो! आम्ही अब्बांकडे पाहिले. ते म्हणाले, "शाबाश!" दुबईच्या मुलाने चूक दाखवली, तेव्हा अब्बा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. "मेरे कान का अब क्या भरोसा," एवढेच ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

आम्ही जे केले ते बहुतेक घरांत होते. ऐकू येत नाही, तर आवाज वाढवा! बाजारातून एक मोठा डबा आणला. पुढे रंगीत दिवे आणि खोक्यावर 'पाच हजार वॅट पीएमपीओ' अशी अक्षरे. तो लावला आणि खोलीची खिडकी थरथरली. मुलांचे शब्द मात्र आधीपेक्षाही घोगरे झाले. वरून भिंतीपलीकडच्या खालांनी निरोप धाडला, "मास्तर, आज घरात वरात आहे का?"

आमचे कुठे चुकले, ते कळायला खोडदची आठवण उपयोगी पडली. नारायणगावजवळच्या या गावात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे मुलांची गर्दी होते. आम्हीही वर्ग घेऊन गेलो आहोत. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की ते वाढवावेच लागतात. पण त्यांना पहिला हात लावणारा अॅम्प्लिफायर स्वतःची खरखर कमीत कमी घालेल असा घडवतात आणि तबकडीच्या तोंडाशीच बसवतात. कारण साधे आहे. सुरुवातीला जो गोंगाट मिसळला, तो पुढे संकेताबरोबरच मोठा होत जातो. अॅम्प्लिफायर मोठा करतो, स्वच्छ करत नाही.

आमच्या डब्याने तेच केले होते. माणसाच्या बोलण्यात 'आ', 'ओ' यांचा जोर खालच्या सुरांत असतो, तर स, श, फ, ज़ यांची ओळख वरच्या, बारीक सुरांत. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायचा. म्हणूनच नाव सांगताना 'स, सफरचंदातला' असे म्हणावे लागे. लॅपटॉपचे स्पीकर बहुधा पोटाखाली असतात, त्यामुळे बारीक आवाज टेबलावर आपटूनच अर्धा मरतो. आणि डब्यात खालचा धमधमाट एवढा की तो बारीक आवाजाला झाकून टाकतो. गावच्या जत्रेत ढोलाशेजारी उभे राहून कुणाचे नाव ऐकून पाहा, म्हणजे कळेल.

थोरल्या मुलीला घेऊन आम्ही पुण्यात बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत या वस्तूंची दुकाने आहेत. तिथे फिरताना जे शिकलो, ते तुमच्याही कामी येईल.

पहिली गोष्ट, वॅट. पीएमपीओ हा आकडा दिखाऊ असतो. विचारायचे ते 'आरएमएस किती?' एवढेच. स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते. ८६ डेसिबल म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. माणसांचे साधे बोलणे तेवढ्याच अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे टेबलाशी बसून धडा ऐकायला एक वॅटसुद्धा पुरून उरतो. दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅटचा अॅम्प्लिफायर छोट्या खोलीला भरपूर झाला. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट, स्पीकर. चार इंची मुख्य स्पीकर आणि वर बारीक आवाजासाठी वेगळा छोटा ट्वीटर, अशी जोडी बोलणे ऐकायला पुरते. अॅम्प्लिफायर आत असलेली जोडीही मिळते. तिला तारा कमी आणि जागा कमी लागते. आम्ही वेगळा घेतला, कारण आमच्याकडे विजेचा दाब खालीवर होतो. उद्या अॅम्प्लिफायर गेलाच तर तेवढाच बदलता येईल, स्पीकर राहतील. मात्र स्पीकरचे ओम, चार असोत की आठ, अॅम्प्लिफायरला चालतात ना, हे आधी पाहावे.

तिसरी गोष्ट, पारख. दुकानदार स्वतःचे ठेवणीतले गाणे लावतो आणि त्यात सगळेच गोड वाटते. आम्ही त्या मुलीच्या वाचनाचे रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये नेले होते. दोन जोड्या ताडताना आवाज सारखा ठेवायला सांगितले, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. डोळे मिटून ऐकले. तिसऱ्या जोडीवर 'ज़'ची सळसळ वेगळी उमटली. अॅम्प्लिफायर धरून खर्च आठ हजारांच्या आत आटोपला.

चौथी गोष्ट, मांडणी. ती फुकटची आहे, पण निम्मे काम तीच करते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. आम्ही खाली दोन जुने शब्दकोश ठेवले. कोपऱ्यात आणि भिंतीला चिकटवून ठेवले तर धमधमाट वाढतो. तार जोडताना तांबडीला तांबडी, काळीला काळी. एक जरी उलटी लागली तरी आवाज पोकळ होतो. आमच्या खोलीत शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज घुमायचा. सतरंजी अंथरली, जाड पडदा लावला आणि मागच्या भिंतीला अम्मीने शिवलेली गोधडी टांगली. घुमणे बरेच कमी झाले.

राहिला शेजाऱ्यांचा हक्क. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण खरी मर्यादा भिंतीपलीकडच्या खालांची झोप. जवळ बसून हळू ऐकण्यात ती आपोआप पाळली जाते.

आता मुख्य गोष्ट. स्पीकर म्हणजे कानाचा इलाज नव्हे. अब्बांना आम्ही पुण्यात तपासणीलाही नेले. वयाबरोबर आधी जातात ते वरचे, बारीक सुरच, हे आलेखात स्वच्छ दिसत होते. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले. शिवाय घरच्यांना बसवून सांगितले, "यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, एका वेळी एकानेच आणि जरा सावकाश बोला."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. वर्षभर त्या घरात प्रत्येक जण अब्बांवर ओरडत होता. "अब्बा, चहा!" "अब्बा, औषध!" स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, पाठीमागून. पाच हजार वॅटचा डबा आम्ही बाजारातून नंतर आणला, तोवर स्वतःच तो झालो होतो. ओरडण्याने शब्द कळत नाहीत, राग मात्र कळतो. अब्बा ऑनलाइन वर्गातूनच नव्हे, जेवतानाच्या गप्पांतूनही उठून गेले होते. आमचे तिकडे लक्षच गेले नव्हते.

स्पीकर बसले त्या संध्याकाळी आम्ही अंगणात गेलो, त्यांच्यासमोर बसलो आणि हळू म्हणालो, "अब्बा, मुले विचारतात तुम्हाला." ते आले. तीच मुलगी वाचत होती. 'ज़ाहिर'चा तिने 'जाहिर' केला आणि खुर्चीतून आवाज आला, "फिर से पढ़ो, बेटा." पुढची एक चूक मात्र त्यांच्याही हातून निसटली. ती आम्ही सांगितली, तेव्हा ते उठून गेले नाहीत. हसले आणि म्हणाले, "वो तुम देखो."

श्रवणयंत्राला अजून त्यांची 'हो' नाही. "देखेंगे" वर गाडी अडली आहे. ईदनंतर पुन्हा विचारू, इन्शाअल्लाह, समोर बसून आणि सावकाश. तुमच्याही घरात अंगणात जाऊन बसलेले कुणी असेल, तर दुकानात जाण्याआधी एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसा.