पदवीधर : मतदार की देणगीदार?

दिल्लीत हिंदूराव म्हटले की लोकांना रुग्णालय आठवते. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील, बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव यांचे आहे, हे इथल्या मराठी माणसांतही थोड्यांनाच ठाऊक असते. नाव राहिले, नाते पुसले गेले. याच टेकडीच्या कडेने उत्तरेकडे चालत गेले की दिल्ली विद्यापीठ लागते. त्या बाजूला फिरायला गेलो की मला माझे विद्यापीठ आठवते, आणि तिथेही आपले केवळ नावच उरले आहे काय, असा प्रश्न पडतो.

खरे तर नावही उरले आहे की नाही, याची शंका आहे. काही वर्षांपूर्वी मला एम.ए.च्या गुणपत्रिकेची प्रमाणित प्रत हवी होती. तीन अर्ज आणि दोन स्मरणपत्रांनंतर ‘जुने अभिलेख उपलब्ध नाहीत’ असे उत्तर आले. महिन्याभरातच त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी निधीसाठीचे आवाहन माझ्या दिल्लीच्या पत्त्यावर अचूक येऊन पोहोचले. परीक्षा विभागाला मी सापडत नव्हतो, निधी विभागाला मात्र सापडलो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण हा दोष एका संस्थेचा नसून दृष्टीचा आहे.

ही दृष्टी आता मूल्यांकनातही उतरली आहे. ‘नॅक’च्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे, आणि त्यांचे आर्थिक योगदान तिथे लाख रुपयांत मोजले जाते. प्रशासनात जे मोजले जाते तेच केले जाते, हे आम्हा नोकरशहांना वेगळे सांगायला नको.

कायद्याने मात्र पदवीधराला देणगीदार मानलेले नाही. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने, म्हणजे परकीय सरकारच्या आणि विद्यापीठांवर नियंत्रण आणू पाहणाऱ्या कायद्यानेसुद्धा, मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर दहा फेलो निवडण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांना दिला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसारही अधिसभेवर त्यांचे दहा प्रतिनिधी असतात.

या हक्काची अवस्था मुंबईत पाहावी. २०१८ च्या निवडणुकीत साठ हजारांहून अधिक पदवीधर मतदार होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेली निवडणूक स्थगित झाली आणि नोंदणी पुन्हा करण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन मतदानाच्या तोंडावर पुन्हा स्थगिती आली. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर २४ सप्टेंबरला मतदान झाले, तेव्हा यादीत सुमारे साडेतेरा हजार नावे होती. जे विद्यापीठ अलीकडे एकेका दीक्षान्त समारंभात दीड लाखाहून अधिक पदव्या देते, त्याची ही यादी!

यावर ‘पदवीधरांनाच रस नाही’ असे म्हटले जाते. ज्याला पदवी आपण स्वतः दिली त्यालाच ‘तू पदवीधर असल्याचा पुरावा आण, अर्ज भर, शुल्क भर’ असे सांगायचे, आणि तो आला नाही की उदासीन ठरवायचे, हा न्याय विचित्र आहे. यादी लहान राहिली की ती भरून घेणाऱ्या संघटित गटांचे फावते. मग त्यांच्या राजकारणाकडे बोट दाखवून निवडणुकीलाच नावे ठेवता येतात.

‘जो सोडून गेला त्याने लुडबुड का करावी?’ हा दुसरा आक्षेप. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले की संस्था घसरू लागली तर माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. पदवीधराला पहिली वाट नाही. तो शहर सोडू शकतो, पण पदवी विकून दुसरी विकत घेऊ शकत नाही. विद्यार्थी तीन वर्षांनी जातो, कुलगुरूंची मुदत संपते, अधिकाऱ्याची बदली होते. विद्यापीठाची पत घसरली तर तिचा तोटा आयुष्यभर सोसतो तो पदवीधर. म्हणून त्याचा आवाज ही लुडबुड नव्हे.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासाठी तिथे राहण्याची अट समजण्यासारखी आहे, कारण तो प्रदेशाचा प्रतिनिधी निवडतो. विद्यापीठ म्हणजे प्रदेश नव्हे. तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. दीक्षान्ताच्या दिवशीच प्रत्येकाचे नाव अर्जाविना कायमच्या पदवीधर नोंदवहीत जावे. बाहेरगावी राहणाऱ्यांना टपालाने किंवा सुरक्षित इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मत देता यावे. आणि निधीचे आवाहन पाठवण्याआधी जुने निकाल संगणकावर आणून ज्याचे त्याला मिळावेत.

हे अशक्य नाही. शताब्दीनिमित्त दिल्ली विद्यापीठाने २०२२ मध्ये पदवी अपुरी राहिलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना परीक्षेची विशेष संधी दिली. जो पदवीधर होऊ शकला नाही त्याच्याशीही नाते टिकते, हे तिथे मान्य झाले. मग जो झाला, त्याचे काय?

दिल्लीत राहणाऱ्या माझ्या वाचकांना विनंती आहे. विद्यापीठाकडून पुढचे देणगीचे पत्र येईल तेव्हा जमेल तेवढे पैसे जरूर द्या, पण सोबत एक ओळ लिहा: पदवीधरांच्या नोंदवहीत माझे नाव आहे काय?