रोहिणीच्या पुलावर



‘परदेश दौरा’ म्हटलं की आपल्या वस्तीतल्या माणसाला विमान, व्हिसा आणि लाखांचा खर्च आठवतो. पण तथागतांचा जन्म झाला ती लुंबिनी ज्या नेपाळ देशात आहे, तिथं जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ असला म्हणजे झालं. रेल्वेनं गोरखपूर गाठायचं, तिथून सोनौलीची हद्द बसनं सुमारे ९५ किलोमीटर. हद्दीवरची कमान पायी ओलांडली की परदेश आला! घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं आणि आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, एवढं ध्यानात ठेवायचं.

मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जाऊन आलो. आई, सौ., मुलगी, मुलगा आणि मी. लुंबिनीत मुक्काम केला आणि एका दिवसासाठी गाडी ठरवली. ज्यांना जायचं असेल त्यांनी भाडं आधी ठरवावं आणि कोणकोणती ठिकाणं दाखवणार ते कागदावर लिहून घ्यावं. दुपारनंतर ‘ते भाड्यात नव्हतं’ असं ऐकावं लागत नाही.

सकाळी लवकर मायादेवी मंदिरात गेलो. आत फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे. माणूस निदान डोळ्यांनी तरी बघतो. जन्मस्थळाची खूण म्हणून मानलेली शिळा १९९६ साली सापडली. १९९७ साली युनेस्कोनं लुंबिनीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकानंतर २० वर्षांनी तो स्वतः इथं आला आणि ‘इथं बुद्ध जन्मले’ असं त्यानं दगडावर कोरून ठेवलं. त्याच लेखात गावाचा कर माफ केल्याची आणि शेतसारा आठव्या हिश्शावर आणल्याची नोंद आहे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “राजा दर्शनाला आला आणि गरिबाचं ओझं उतरवून गेला. असं पाहिजे.” तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं आहे. शिलालेखाचा अर्थ तिला आमच्याआधी कळला.

तिथून गाडी पश्चिमेला तिलौराकोटकडे निघाली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. हीच शाक्यांची कपिलवस्तू, असं नेपाळात मानतात. काही विद्वान आपल्या हद्दीतलं पिपरहवा सांगतात. तिलौराकोटला विटांच्या तटाचे अवशेष आहेत आणि पूर्वेला एक दरवाजा आहे. सिद्धार्थ याच दरवाजानं गृहत्याग करून गेले, असं तिथं सांगतात.

त्या दरवाजात मुलीनं विचारलं, “पप्पा, रात्री बायको आणि लहान मुलगा झोपलेले असताना ते न सांगता निघून गेले, असं शाळेच्या पुस्तकात आहे. मग ते चांगलं कसं?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या प्रत्येक घरात मुलांनी तो विचारला पाहिजे आणि आपल्याला उत्तर देता आलं पाहिजे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेले, ही कथा बाबासाहेबांनी मान्य केली नाही. २९ वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा दिसलाच नाही, हे बुद्धीला पटत नाही. मग खरं कारण कोणतं? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ते दिलं आहे. त्या कारणाचं नाव रोहिणी नदी.

म्हणून कुदानचे स्तूप पाहून आम्ही गाडी पूर्वेला, भैरहवाच्या पलीकडं घ्यायला सांगितली. बुद्ध झाल्यावर तथागत वडिलांना भेटले आणि राहुल संघात आला, ती जागा कुदानची मानतात. बाप-लेकाची भेट तिथं झाली हे मुलीनं लक्षात ठेवलं.

रोहिणीच्या पुलावर उतरलो. नदी फार मोठी नाही. एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलिय, आणि शेतीचं पाणी एकच. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या माणसांची मारामारी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थांनी उभं राहून विरोध केला. युद्धानं प्रश्न सुटत नाही, त्यातून पुढच्या युद्धाचं बी पेरलं जातं; आपलीही माणसं निर्दोष नाहीत, चौकशी करा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन माणसं आपण निवडू, दोन कोलियांनी निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्यांनी केली. बहुमत युद्धाच्या बाजूनं पडलं. संघाची आज्ञा मोडणाऱ्याला फाशी किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्यांनी परिव्राजक होऊन देश सोडला. आईवडिलांना आणि यशोधरेला सांगून, दिवसाउजेडी.

बहिष्कार हा शब्द ऐकून आई गप्प झाली. मुलगा म्हणाला, “एवढ्याशा नदीसाठी?” आई म्हणाली, “पाणी भरायची वेळ आली की कळतं, एवढंसं का केवढं.” २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब का गेले, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

शेवटचं ठिकाण रामग्राम. गवतानं झाकलेला एक उंचवटा, बाजूला झरही नदी. महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ वाटे झाले, त्यातला कोलियांचा वाटा इथं आहे. अशोकानं बाकीचे स्तूप उघडले, हा एकच तसाच राहिला अशी परंपरा आहे. ज्यांच्याशी लढू नका म्हणून सिद्धार्थांनी घर सोडलं, त्या कोलियांनी त्यांच्या अस्थी जिवापाड सांभाळल्या.

आता आपल्याकडे बघू. एकाच गल्लीत जयंतीची दोन मंडळं, दोन वर्गणीची पुस्तकं. विहाराच्या हिशेबावरून सख्खे शेजारी वंदनेला एकत्र बसत नाहीत. नळाच्या पाळीवरून पोलीस चौकीपर्यंत जाणारेही आपलेच. अशा ठिकाणी सिद्धार्थांची सूचना एकदा वापरून बघा. दोन तुमचे, दोन त्यांचे, पाचवा चौघांनी निवडलेला. पाचांत निदान दोन बायका असाव्यात, कारण हंडा घेऊन रांगेत त्याच उभ्या असतात. जे ठरेल ते वहीत लिहावं आणि दोन्हीकडच्यांनी सही करावी. शाक्यांनी ही सूचना नाकारली. आपण ती नाकारण्याचं कारण नाही.

जयभीम, नमो बुद्धाय.